अर्धी गाडी पुढे, गार्डसाहेब मागे

जयपूरला, प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत घड्याळं भिंतीवर असायची ती निव्वळ शोभेला. वेळ कळायची ती शिट्टीवरून. सकाळी आठ बावन्नला ती एकदा वाजली की समजायचं, वरच्या मजल्यावरचा मराठी भाडेकरू, म्हणजे मी, ऑफिसला सुटला. त्या शिट्टीने कबुतरं उडायची, समोरच्या आंटींचा कुकर दचकून स्वतःची शिट्टी द्यायला विसरायचा, आणि सांगानेरच्या विमानतळावर एकदा एक विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, असं मी ऐकून आहे. ऐकून म्हणजे, ते लोकांना पहिल्यांदा मीच सांगितलं. पण इतक्या वेळा सांगितलं की आता ते मला लोकांकडूनच ऐकू येतं.

शिट्टी वाजवायचे ते माझे घरमालक. मूळचे वर्धेकडचे. भरतीत जयपूर मिळालं, दोन वर्षांत बदली करून घेतो म्हणून आले, आणि मालगाडीचे गार्ड म्हणून छत्तीस वर्षं काढून इथेच निवृत्त झाले. सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची. मधे सरकारने गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. "मॅनेजर तं मॉलमधे बी असते," ते म्हणायचे. "गार्ड फक्त गाडीले असते."

छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसल्यामुळे पुढचं जग त्यांना नुसतं ऐकून माहीत होतं. जे निघून गेलं, तेवढंच नीट दिसायचं. ई-रिक्षात ते नेहमी उलट्या बाकावर बसत. लग्नाच्या वरातीत सगळ्यांत मागे चालत, आणि नवरदेव घोड्यासकट पुढे सुखरूप आहे की नाही, हे दर चौकात हिरवा झेंडा दाखवून विचारून घेत. घोड्याने मान हलवली तरी त्यांना चालायचं. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात बी हे माह्या मागंच चालले बाप्पा. भटजीले वाटलं, नवरी एकटीच सात फेरे घेऊन राहिली."

मी निघताना रोजचा एक विधी असायचा. फाटकात माझी बॅग तपासली जायची: पट्टे सगळे लागलेत ना, डबा सरळ आहे ना. मग शिट्टी, मग हिरवा झेंडा. मी गल्लीच्या टोकाला पोचलो की थांबून मागे वळायचं आणि हात वर करायचा. नाही केला तर गार्डसाहेब लाल झेंडा काढत, आणि टोकाचा भाजीवाला त्यांच्या हुकमाने माझ्यासमोर कोबीची गाडी आडवी लावी. "ड्रायव्हरनं मागं पाह्यलंच पाहिजे," त्यांचं ठरलेलं वाक्य. "मागं पाहत नाही त्याले मागं काय सुटलं ते मालूम होत नाही."

तर असा एकूण बंदोबस्त असताना, होळीच्या आदल्या सोमवारी झालाना भागातल्या माझ्या कंपनीने आमची अख्खी ओळ, खिडकीपासून पाण्याच्या मशीनपर्यंतची, घरी पाठवली.

मी कुणालाही सांगितलं नाही. कारण सांगलीकडे माझी एक खुर्ची आहे. तासगावात मामाचं बेदाण्याचं गोदाम आहे, आणि मी आठवीत गणितात नापास झालो त्या दिवशी मामाने तिथे माझ्या नावाने एक खुर्ची मांडून ठेवली. "हिकडं तिकडं हिंडून आला की बसंल गप," असं तो वडिलांना दर दिवाळीत सांगतो आणि फडक्याने खुर्ची पुसतो. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या धुरीने मला शिंका येतात. साध्यासुध्या नव्हे, एका शिंकेत मी एकदा साडेतीन किलो माल बाजूच्या गोदामात पाठवला होता. नोकरी गेली हे सांगितलं असतं, तर मामा पुढच्या गाडीने मला न्यायला आला असता, आणि मी आयुष्यभर त्या खुर्चीत शिंकत बसलो असतो.

म्हणून मी रोज आठ बावन्नला शिट्टीवर निघत राहिलो. गळ्यात बॅग, बॅगेत काकूंचा डबा. आणि झालान्याऐवजी गोपालपुऱ्यात उतरून, स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या एका वाचनालयात भाड्याच्या खुर्चीवर बसत राहिलो. दिवसाला चाळीस अर्ज पाठवायचो. उत्तर एकाचंही नाही. एकदा एक आलं, ते 'तुमचा पासवर्ड बदला' म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या एका मुलाने महिनाभर माझ्याकडे बघून शेवटी अदबीने विचारलं, "सर, ये आपका कौन सा अटेम्प्ट है?" जुन्या सहकाऱ्यांचे फोन यायचे. त्यांना सांगायचो, एका परदेशी क्लायंटचं काम चालू आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही. क्लायंटला मी कॅनडात ठेवलं होतं, म्हणजे कुणी त्याला भेटव म्हणणार नाही.

सहा महिने असे गेले. मग एका सकाळी शिट्टी वाजली नाही.

आठ बावन्न झाले, पंचावन्न झाले. आंटींचा कुकर वाजतच राहिला, त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. गार्डसाहेब फाटकात उभे, शिट्टी ओठांत, झेंडा बगलेत.

"काय झालं, गार्डसाहेब? उशीर होतोय."

"कुठं?"

"ऑफिसला."

त्यांनी शिट्टी काढून खिशात ठेवली. "होळीपासून तुह्या गळ्यात कार्डाचा पट्टा नाही. ड्यूटीवर जाणारा माणूस पट्टा विसरत नाही."

"आणिक डबा," काकू दारातून म्हणाल्या. "आधी अर्धा तसाच वापस यायचा. आता चाटूनपुसून येते. कामावरच्या माणसाले एवढं जेवाले टाइम असते का भाऊ?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कॅनडापर्यंत पोचलोही होतो.

"बापू," गार्डसाहेब म्हणाले, "गाडी सेक्शनमधे, दोन स्टेशनाईच्या मधात, उभी हाय. होळीपासून उभी हाय. अन् मी रोज उभ्या गाडीले हिरवा झेंडा दाखवून राहिलो. छत्तीस सालात असा गुन्हा नाही केला मी."

मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि मिठाच्या गाडीची गोष्ट सांगितली. ती मी आधी अकरा वेळा ऐकली होती. दर वेळी तिच्यात दोन डबे वाढायचे. सांभरचं मीठ भरलेली मालगाडी अजमेरच्या अलीकडच्या चढावर अडकली. पाऊस पडून गेलेला, रूळ ओले, इंजिन जोर लावतंय आणि चाकं जागच्या जागी गरगरतायत. "चढावर जोर लावून काय होते? चाकं घासतात, रूळ घासते, अन् गाडी तिथंच," ते म्हणाले. "तवा लोड तोडायचा. अर्धी गाडी इंजिनानं पुढच्या स्टेशनावर नेऊन ठेवायची. मंग वापस येऊन बाकीची अर्धी न्यायची. अन् तोवर मागच्या अर्ध्याजवळ कोण?"

"गार्ड."

"गार्ड. एकटा. इंजिन येतवर हलायचं नाही." या बाराव्या खेपेला इंजिन तीन दिवस आलंच नाही. अकराव्या वेळेपर्यंत ते दोन दिवस होते. एक बिबट्या येऊन डब्यांतलं मीठ चाटून गेला, आणि तिसऱ्या दिवशी गार्डसाहेबांनी त्याच्याच बरोबर भाकरी वाटून खाल्ली. "पण आलं," ते म्हणाले. "इंजिन येतेच."

मग त्यांनी माझा बायोडेटा मागवला. सहा पानी होता. उभ्याने वाचला. तिसऱ्या पानावर थांबले.

"हे पोत्यांची शर्यत, दुसरा नंबर. हे कोणत्या स्टेशनावर उतरवाचं हाय?"

"त्याने व्यक्तिमत्त्व दिसतं."

"पोत्यात व्यक्तिमत्त्व?"

सहा पानांचं एक पान झालं. मी झटापट केली. आंतरशालेय वक्तृत्वासाठी तर मी अक्षरशः कागदाला लोंबकळलो. काकूंनी माझी बोटं सोडवली. उरलेली पाच पानं गार्डसाहेबांनी आपल्या लोखंडी पेटीत ठेवली. "फाडत नाही. हा मागचा भाग हाय. मी सांभाळतो. पुढं जागा भेटली की घेऊन जाजो."

इथपर्यंत ठीक होतं. पण मग ते म्हणाले, "आता सांग, गाडी थांबली की गार्डाचं पहिलं काम कोणतं?"

"चालू करणं."

"नाही. सांगणं. मागच्याले, पुढच्याले, साऱ्याईले, का गाडी उभी हाय. नाही सांगितलं तं मदतीचं इंजिन येईन कुठून? कोणाले मालूमच नाही तं कोण पाठवीन?" आणि त्यांनी आपला लाल झेंडा माझ्या गॅलरीच्या कठड्याला बांधला.

दुपारपर्यंत गल्लीत बभ्रा. मला जयपूर सोडून पळावंसं वाटलं, पण कोबीची गाडी आडवी होती. टोकाचा कचोरीवाला येऊन म्हणाला, "भैया, कचोरी में इंजीनियर का क्या काम, पर काउंटर पे बैठोगे तो रौनक लगेगी." समोरच्या आंटींनी भावाच्या रजयांच्या दुकानाचा पत्ता दिला, वर एक रजई नमुन्याला दिली, भर सप्टेंबरात. सगळ्यांत कहर केला तो रेल्वे कॉलनीतल्या मराठी मंडळाने. गणपतीची आरती झाली, आणि प्रसादाच्या आधी अध्यक्षांनी माइकवरून माझी बेकारी जाहीर केली. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काहीतरी बक्षीस आहे. एक बारकी मुलगी मोदक खात खात मला म्हणाली, "दादा, तुम्ही मतलब पूर्ण दिवस घरी राहता? मज्जा आहे!"

त्यानंतर रोज पाच फोन. ओळखीच्या पाच माणसांना फोन करून सरळ सांगायचं: नोकरी गेली, होळीपासून शोधतोय, काही असलं तर कळव. गार्डसाहेब शेजारी उभे. पहिलाच फोन त्यांनी वडिलांना लावायला लावला. मी सांगून टाकलं.

"मला ठाव हाय," वडील म्हणाले.

"कसं?"

"सा महिनं झालं, दुपारच्या टायमाला फोन करून म्हशीची चौकशी करतूयास. नोकरीतला पोरगा म्हशीला विचारत न्हाई." मग म्हणाले, "दिवाळीपातूर बघ. न्हाईतर मामा हायच."

दुसऱ्या दिवशी मामाने खुर्चीचा फोटो पाठवला. नवी गादी शिवली होती.

फोन करताना पहिले तीन दिवस माझी जीभ टाळ्याला चिकटायची. चौथ्या दिवशी सैल झाली. आठव्या दिवशी जुन्या ऑफिसातला एक मित्र लागला, ज्याला मी कॅनडाचं सगळ्यांत जास्त सांगितलं होतं. माझं ऐकून तो भडकला. "अरे नालायका! माझ्या इथं दोन महिने जागा रिकामी आहे! तुझंच नाव डोक्यात होतं. पण म्हटलं, हा कॅनडात बुडालाय, याला कशाला विचारा!"

मी फोन ठेवला. गार्डसाहेब गॅलरीत गेले, लाल झेंडा सोडला आणि त्याची चारपदरी घडी केली.

तारीख मिळेपर्यंत महिना गेला. मुलाखत झालान्यालाच होती. मित्र जिथे होता ती, घरोघर सामान पोचवणारी कंपनी. दिवाळीला बारा दिवस उरले होते, आणि दुसरी मुलाखत कुठे क्षितिजावरही नव्हती. मी निघालो तर गार्डसाहेब इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून फाटकात तयार.

"तुम्ही कुठे?"

"गार्डाशिवाय गाडी सुटते का?"

काकूंना विनवलं, थांबवा. त्या म्हणाल्या, "मी छत्तीस सालात नाही थांबवू शकली. तुम्ही पाहा."

रिक्षात ते उलट्या बाकावर बसले आणि नियम सांगितला. ते बाहेर बसतील. दर प्रश्नानंतर मी मागे बघायचं. ते हिरवा दाखवतील, मी हात हलवायचा. "हात नाही दिसला तं मी ब्रेक लावतो," ते म्हणाले. मी हसलो. तिथेच चुकलो.

मुलाखतीची खोली काचेची निघाली. आत दोघं: एक तरुण साहेब, जो माझ्याकडे न बघता लॅपटॉपकडे बघत होता, आणि एक पन्नाशीच्या मॅडम, ज्या लॅपटॉपकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. काचेपलीकडे, कुंडीच्या शेजारी, गार्डसाहेब ताठ. पहिला प्रश्न झाला. मी मान खाजवल्यासारखं करून मागे बघितलं. हिरवा. मी हात केला. दुसरा प्रश्न, हिरवा, हात. तरुण साहेबाला वाटलं, मला मानेचा काहीतरी विकार आहे. त्याने माझ्याकडे पाणी सरकवलं.

मग मॅडमनी विचारलं, "मार्च से अब तक क्या कर रहे थे आप?"

बघा, सवय किती वाईट असते. गल्लीभर लाल झेंडा फडकला होता, गणपतीसमोर घोषणा झाली होती, दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तरी माझ्या तोंडून निघालं, "जी, एक फॉरेन क्लाइंट था, कनाडा का..." आणि एकदा कॅनडा सुरू झाला की मी मागे कशाला बघतोय! टोरांटोला बर्फ पडायला लागला, क्लायंटला तीन शाखा फुटल्या, त्याने मला मॅपल सिरपचा डबा पाठवला. गाडी उतारावर सुटली.

शिट्टी वाजली.

काय सांगू तुम्हाला! झालान्याच्या त्या इमारतीत अशी शिट्टी आजवर झाली नसेल. चार मजल्यांची माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. आग लागली समजून अर्धी जिन्याकडे धावली. मागच्या जंगलातून एक बिबट्या कुंपणापर्यंत येऊन बघून गेला, आणि मला तर शंका आहे, तो मिठाच्या गाडीवरचाच असावा. काचेचं दार उघडलं. गार्डसाहेब लाल झेंडा आडवा धरून आत.

"माफ करना मैडम," ते म्हणाले. "ड्राइवर पीछे नहीं देख रहा."

तरुण साहेबाने सिक्युरिटीला फोन लावला. मॅडमनी हाताने त्याला थांबवलं. "ये अंकल आपके साथ हैं?"

त्या क्षणी माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, ओळखत नाही म्हणायचं. मी वळून बघितलं. गार्डसाहेब माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. उभ्या गाडीकडे बघावं तसे. खुर्चीची नवी गादी डोळ्यांसमोर आली. म्हटलं, शिंकायचंच आहे तर खरं बोलून शिंकू.

"जी, मेरे साथ हैं," मी म्हणालो. "और कनाडा कहीं नहीं है." मग सगळं सांगितलं. गोपालपुऱ्याचं वाचनालय, चाळीस अर्ज, चाटूनपुसून येणारा डबा, म्हैस, झेंडा. पोत्यांच्या शर्यतीचंही सांगितलं, ती बायोडेटात नव्हती तरी.

मॅडम गार्डसाहेबांकडे वळल्या. "अंकल, गाड़ी रुक जाए तो सबसे पहले क्या करते हैं?"

"सबसे पहले बताते हैं कि रुकी है."

त्या खुर्चीला टेकल्या. तरुण साहेबाला म्हणाल्या, "सुबह से चार लोग आए. किसी की गाड़ी कभी रुकी ही नहीं." मग मला कळलं, जागा कशाची होती. ज्यांचं सामान वाटेत अडकलंय त्या गिऱ्हाइकांना, ते अडकलंय, हे सांगण्याच्या खात्याची. आजवर तिथे बसलेला प्रत्येक जण 'बस, पहुँच ही रहा है' म्हणत होता, आणि गिऱ्हाइकं पेटली होती.

आता खरं तेच सांगतो: नोकरी त्यांनी आधी गार्डसाहेबांनाच देऊ केली. त्यांनी पदाचं नाव विचारलं. त्यात मॅनेजर हा शब्द होता. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मग ती मला मिळाली.

मामाने खुर्ची विकली नाही. गादी काढून ठेवलीय म्हणे, धूळ बसू नये म्हणून.

दीड वर्षाने कंपनीने मला पुण्याला पाठवलं. सामान बांधलं तर ते रिक्षात मावेना. मी दुसरी रिक्षा बघू लागलो, तेवढ्यात गार्डसाहेब म्हणाले, "लोड तोड."

"गार्डसाहेब, दुसरी रिक्षा मिळेल ना."

"अर्धं ने. बाकीचं अर्धं मी सांभाळतो." काकू पाठमोऱ्या होऊन डबा भरत होत्या, बराच वेळ भरत होत्या. मी अर्धं सामान वरच्या खोलीतच ठेवलं, आठ बावन्नला शिट्टी झाली, टोकाला पोचून मी मागे बघितलं आणि हात केला. त्यांचा झेंडा जरा उशिराने वर आला.

दर दोन-तीन महिन्यांनी मी उरलेलं सामान आणायला जयपूरला जातो. दर वेळी उरलेल्यातलं अर्धंच आणतो. पहिल्या खेपेला रजई आणली, दुसऱ्या खेपेला पुस्तकं, मग बादली, मग बायोडेटाची पाचातली अडीच पानं. वरची खोली त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मागचा भाग ऑल राइट." पुण्यातली माणसं विचारतात, एकदाच टेम्पो करून सगळं का आणत नाहीस? त्यांना काय सांगणार. त्यांची गाडी कधी थांबलेली नाही.

गेल्या खेपेला तिथे फक्त काकूंनी दिलेला स्टीलचा डबा उरला होता. मी बराच विचार केला, आणि झाकण घेऊन आलो.